पंच नसलेली कुस्ती

बारामतीच्या कला महोत्सवात एका दालनात चित्रं, दुसऱ्यात मडकी, तिसऱ्यात नाच आणि मधल्या सभागृहात लाल माती पसरून आमची कुस्ती. कुस्ती म्हणायचं नाही म्हणे, प्रयोग म्हणायचं. तो बसवणाऱ्या पुण्याच्या वृषाली मॅडमनी तसं बजावलं होतं. माझा धाकटा भाऊ इंद्रजित माळेगावचा, समोर इंदापूरचा शिवम. दोघांनी ढोलकीच्या ठेक्यावर डाव दाखवायचे, कुणी कुणाला पाडायचं नाही. आणि पंच नको, कारण त्याचा पांढरा सदरा दिव्यांत खुपतो. मला तेव्हाच तिडीक आली. पंच नसला की कुस्तीची मारामारी होते, हे काय सांगायला हवं?

त्यात हे दोघं. कोऱ्हाळ्याच्या यात्रेत इंद्रजितनं शिवमला चितपट केलं होतं आणि वर त्याच्या तोंडासमोर मांडी थोपटली होती. शिवम ते विसरला असेल असं मानणारा एक तर खुळा, नाहीतर कलावंत. इकडं इंद्रजितची पोलीस भरती तोंडावर आलेली, मैदानात गोळा फेकायचा होता. हात सांभाळ, एवढंच मी त्याला सांगितलं.

सलामी नीट झाली. मग शिवमची मानेवर मारायची थाप कानावर बसली. इंद्रजितनं टक्कर मारून त्याचं नाक फोडलं. रक्त लाल मातीत पडलं आणि तिथंच जिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवमनं त्याला पालथा पाडला, पाठीवर बसला आणि उजवा हात मागं पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला. इंद्रजितच्या तोंडात माती गेली होती, तरी तो पाठ टेकू देईना. शिवम मोडलेला हात आणखी वर रेटत होता.

मी उठले तसं आमच्या तालमीच्या वस्तादांनी, दत्तोबा आबांनी, माझं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पकड सुटेना.

"आपलं माणूस मातीत उतरलं की आपला पैलवान हारला, पोरी. पंचाबिगर कुणी जायचं न्हाय."

"पंच हाय कुठं, आबा?"

मी हात हिसडला. सजावटीला मांडलेलं लाकडी मुद्गल उचललं आणि शिवमच्या खांद्यावर घातलं. मग पुन्हा घातलं. दुसऱ्या घावाला त्याचं हाड गेल्याचं माझ्या हातांना कळलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तिसरा डोक्यातच घालणार होते. पण मी उतरलेच होते म्हटल्यावर आबाही उतरले आणि त्यांनी मला मागं ओढलं. अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. वृषाली मॅडम तेवढ्या टाळ्या न वाजवता भिंतीला टेकल्या होत्या, कारण त्यांच्या प्रयोगात मी नव्हते.

मी इंद्रजितचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडातली माती बोटानं काढली. हात कोपरापासून उलटा लोंबत होता. भरती गेली, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. मला वाटलं, आता रडेल.

"हात मोडला व्हता, ताई," तो म्हणाला. "हारलो नव्हतो. त्ये तू केलंस."

त्यानं माझ्या मांडीवरून डोकं काढून घेतलं आणि मातीत ठेवलं.