सगळा बाजार सोफ्यावर

साबणाच्या कंपनीतले बाकीचे विक्रेते त्याला 'आरामशेठ' म्हणत, आणि त्या नावात खोट काढायला जागा नव्हती. जे काम बसून होतं ते उभं राहून करणं म्हणजे त्याच्या हिशेबात शुद्ध नुकसान.

कंपनीने विक्रीचं नवं अ‍ॅप आणलं. प्रत्येक दुकानाच्या दारात उभं राहून 'ठिकाण नोंदवा' दाबायचं. पुढे त्या दुकानाची ऑर्डर अ‍ॅप तिथूनच घेणार. साहेबांनी वर आमिष दाखवलं: ज्याचं काम आधी संपेल त्याला घराजवळचा भाग, जो मागे राहील त्याला हमरस्त्यापलीकडची लांबची गावं. घराजवळचा भाग म्हणजे दुपारी गरम जेवण आणि त्यावर डुलकी.

रविवारी आरामशेठ सोफ्यावर आडवा झाला आणि यादीतल्या दुकानांवर बटण दाबत सुटला. किराणावाले, औषधवाले, लॉन्ड्रीवाले, सगळे चहा गार व्हायच्या आत नोंदवून मोकळा. सोमवारी साहेबांनी पाठ थोपटली आणि जवळचा भाग त्याच्या पदरात टाकला.

मंगळवारी पहिल्याच किराणावाल्याची ऑर्डर घ्यायला गेला, तर अ‍ॅप अडून बसलं: 'तुम्ही ग्राहकापासून दूर आहात.' ग्राहक तर समोर हातभर अंतरावर पेन्सिलीने कान कोरत होता. तेव्हा कुठे आरामशेठच्या डोक्यात उजेड पडला. अ‍ॅपच्या लेखी हा गृहस्थ आपल्या सोफ्यावर बसला होता, आणि त्याच्या मांडीवर उरलेला बाजार.

मग नुसती पळापळ. ऑर्डर कागदावर लिहायची, स्कूटर दामटत घर गाठायचं, सोफ्यावर टेकून बटण दाबायचं, की परत बाजार. बायकोने आधी पाणी विचारलं, शेवटी समोर बसवून सगळं वदवून घेतलं.

"अहो, एवढी माणसं घरात आहेत तर मला आधी सांगायचं ना. चहा तरी टाकला असता."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. शुक्रवारी ते सोबत फेरीला येणार होते. त्यांच्यासमोर अ‍ॅप अडलं की सोफ्याचं बिंग फुटणार. ठिकाण बदलायचं तर परत दारोदार जायचं, आणि दुकानदाराच्या मोबाइलवर येणारा आकडा त्याच्याकडून मागून घ्यायचा. तो मागायचा कोणत्या तोंडाने?

"तुम्ही स्कूटर चालवा," बायको म्हणाली. "तोंड माझं आहे."

आणि ते तिने मोकळं सोडलं. दुकानोदुकानी जाऊन तिने सांगितलं, की आमच्या ह्यांनी तुम्हाला सोफ्यावर बसवलंय, आता उठा. माणसं पोट धरून हसली, आकडा दिला आणि त्याच भरात दोन खोकी जास्त घेतली. वर्षभर नन्नाचा पाढा लावणाऱ्या लॉन्ड्रीवाल्या मावशींनीसुद्धा.

शुक्रवारी अ‍ॅपने कुठेच तक्रार केली नाही. पण जो तो आरामशेठच्या पाठीमागे डोकावून विचारी, वहिनी नाही आल्या का. मावशींना कोणी गप्प राहायला सांगितलंच नव्हतं; त्यांनी साहेबांना खुर्ची दिली आणि अख्खी हकिगत ऐकवली. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी गेल्या दोन दिवसांचा खप पाहिला, आणि हसायचे थांबले.

संध्याकाळी ते थेट आरामशेठच्या घरी, वहिनींना भेटायला आले. बायकोने दोनच गोष्टी विचारल्या: पगार किती, आणि स्कूटर कोणाकडे राहणार.

घराजवळचा भाग घरातच राहिला. आरामशेठ आता डबा घेऊन कंपनीच्या टेम्पोतून, साबणाच्या खोक्यांमध्ये अंग चोरून बसून, लांबच्या गावांना जातो.