माथा नसलेले तीन फोटो

दादाच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गल्ली लोटली होती. टेबलावर तीन फोटो, त्यांच्यासमोर गुबगुबीत बाबा आणि भिंतीशी मान खाली घालून बसलेली दादाची नवी सून. तिन्ही फोटोंत तीच. हनुवटी, ओठ, डोळे लख्ख. कपाळाच्या मध्यापासून वर मात्र काही नाही. बाकी नातेवाइकांचे फोटो धडधाकट.

"छायेनं शिर टाकलंय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "एकदा नव्हे, तीनदा! अशी बाई घरात राहिली तर कर्ता पुरुष वर्ष काढत नाही."

"उपाय सांगा हो, बाबा!" वहिनी रडकुंडीला आली.

"आजच माहेरी पाठवा. पुन्हा या उंबऱ्यात नको."

सुनेची बॅग दाराशी तयारच होती.

फोटो दादानंच काढलेले. तो चिमुकला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणजे त्याचा जीव की प्राण. वरच्या काचेतून बघायचं, आतल्या दोन पुसट आकृत्या एकमेकींवर आणायच्या, मग बटण. तोवर समोरच्याचं हसू आटून जायचं. एकदा भिंगावरचं झाकण न काढता त्यानं अख्खा रोल संपवला, कारण काचेतून सगळं छान दिसत होतं. तरी तोरा कायम.

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, "दादा, रोल काढून कॅमेरा आण. बाबांचा फोटो काढू."

बाबा लगेच केस सारखे करून उन्हात बसले. सुनेचा फोटो घेतला होता तितक्याच जवळ कॅमेरा स्टँडवर लावला.

"काचेतून बघ. बाबांचं डोकं दिसतं?"

"पूर्ण दिसतं," दादा पुटपुटला.

मी कॅमेऱ्याची पाठ उघडली, रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर लावला, शटर उघडं ठेवलं आणि वरून शाल पांघरली. एकेकानं आत डोकावलं. कागदावर बाबा उलटे उमटले होते, आणि कपाळाच्या वर साफ छाटलेले.

"अहो, यांनाच माथा नाही!" शेजारच्या मावशी ओरडल्या.

"आमचं शिर ईश्वरचरणी असतं," बाबा म्हणाले.

"मग सुनेचं का नाही?" मावशींनी विचारलं. बाबांना पादत्राणं सापडेनात.

"बघायची काच वर, भिंग खाली," मी सांगितलं. "लांबून काढलेल्या बाकीच्या फोटोंत फरक कळत नाही. जवळून भिंगाला वरचं तेवढं दिसतच नाही. म्हणून काचेत जवळच्या फोटोसाठी वेगळी खूण असते. माथा तिच्या खाली ठेवायचा."

"मला ठाऊक होतं," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "फोटो आले तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर चुकलो म्हणायचं?"

मला माझ्या भावाची इतकी लाज कधी वाटली नव्हती. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लोक मान खाली घालून पांगले. मी मात्र मनात खूश होते. प्रयोग झकास जमला होता. तेवढ्यात सून पहिल्यांदा बोलली.

"आत्याबाई, कॅमेऱ्यातली चूक तुम्हाला सापडली नसती, तर मी अपशकुनी ठरले असते का?"

माझा आनंद जागच्या जागी विरला. तिथं आल्या आल्या मीसुद्धा "फोटो कसाही येवो, ही अपशकुनी नाही," असं म्हटलं नव्हतं. आधी कॅमेरा मागितला होता, जणू तिनंच निर्दोष असल्याचा पुरावा द्यायचा होता.

एखाद्या गोष्टीचं कारण कळत नसेल तर सरळ म्हणावं, "माहीत नाही." शोधावं, कुणाला तरी विचारावं. पण ते सापडेपर्यंत कुणाची बॅग दाराशी नेऊन ठेवू नये.