जांभई स्पर्धेचा दिवस

पेपरच्या कोपऱ्यातला ‘आजचा शब्द आणि दिनविशेष’ कुणी ढुंकूनही बघत नाही, अशी तिची समजूत होती. तो कोपरा तीच लिहायची. मग समोरच्या, प्रतिस्पर्धी पेपरात तोच शब्द, तीच माहिती, त्याच सकाळी छापून यायला लागली. एकदा म्हटलं योगायोग. पण आठवडाभर?

पुरवणीच्या संपादक बाईंनी तिला केबिनमध्ये घेतलं. “मजकूर फुटतोय. कागद घरी तूच नेतेस.”

“पोर लहान आहे बाई, म्हणून...”

“म्हणूनच दुपारचं काम घरी नेऊ देते. पण घरातून फुटत असेल, तर नोकरी विसर.”

घरातून? छे! तिचा संशय समोरच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यावर. हल्ली फार घुटमळायचा. वर “बाळ झोपतं का गं नीट?” अशी साखरपेरणी.

तिने सापळा लावला. खरा मजकूर थेट बाईंच्या हातात दिला. ऑफिसच्या टेबलावर खोटा दिनविशेष ठेवला, टोप्या फेकण्याच्या स्पर्धेचा. घरी नेला दुसराच खोटा: ‘या दिवशी पहिली जांभई स्पर्धा भरली, परीक्षक आधी झोपले.’ कुठला कुठे ठेवलाय, तेही बाईंना सांगून ठेवलं. अगदी छातीठोकपणे.

सकाळी समोरच्या पेपरात जांभई स्पर्धा! परीक्षकांसकट.

म्हणजे घरातूनच! बाईंचा फोन आलाच. “संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय मला.”

नवरा दात घासत होता. त्याचा शाळेतला मित्र त्या पेपरात होता ना?

“तुझा तो मित्र भेटतो का रे अजून?”

“कोण? नाही बुवा. का?”

“सहज.”

“सहज? अशी बघतेयस, जणू मी बँक लुटलीय.”

तो हसला. एरवी ते हसू तिला आवडायचं. आज तेही खोटं वाटलं. ज्याच्या खांद्यावर लेक लाळ गाळत झोपते, त्याच्याकडे असं बघायची वेळ यावी?

दुपारी सासरे नातीला बाबागाडीत घालून नेहमीसारखे बागेत निघाले. दुपट्याखालून तिच्या मजकुराच्या कागदाचं टोक डोकावत होतं. बाबा? ती चपला घालून मागोमाग निघाली.

बाकावर बसून सासऱ्यांनी कागद उघडला. एका हाताने गाडी झुलवत ते संथ सुरात वाचू लागले. अर्थ, व्युत्पत्ती, दिनविशेष... लेकीच्या पापण्या जड झाल्या. घरी तासभर थोपटूनही न झोपणारी ती कार्टी! शेजारी पिशवी मांडीवर घेतलेला एक माणूस फोनवर भराभर टिपत होता. पिशवीवर समोरच्या पेपरचं नाव ठळक होतं.

“उद्याचा शब्द परत सांगता, आजोबा?”

“सांगतो की! माझ्या सुनेनं लिहिलंय. हुशार आहे पोर.”

रागाने फुललेली ती त्या एका वाक्याने विरघळली. पण पुढे झालीच. “जांभई स्पर्धा आवडली का हो? मीच भरवली होती. घरबसल्या.”

माणसाचा चेहरा पडला. पिशवी काखेत मारून त्याने काढता पाय घेतला.

“काय झालं गं? माझं काही चुकलं का?” सासरे भांबावले.

तिने तिथूनच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“कुजबुजतेस कशाला?”

“पोर झोपलीय, बाई.”

“नोकरी राहील. पण उद्यापासून घरी एक चिटोरंही जाणार नाही. पूर्ण वेळ इथे बसायचं.”

म्हणजे लेकीजवळची दुपार हातची गेली. “हो बाई,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने सासऱ्यांच्या हातातला कागद हळूच काढून घेतला. तेवढ्यात लेक चुळबुळली, तिने ओठ काढले. सासऱ्यांनी रिकाम्या हातांकडे बघितलं. मग गाडी झुलवत त्यांनी सुरुवात केली, “या दिवशी, बरं का, पहिली जांभई स्पर्धा भरली...”

लेकीने तोंडाचा चिमुकला आ केला. तीही सासऱ्यांशेजारी बाकावर टेकली. संध्याकाळी नवऱ्याशी आणि उद्या चष्मेवाल्याशी धड बोलायला हवं होतं. पण आत्ता तिलाही जांभई आली.