राणीचं वाकडं नाक

मी एक जुनी राणी आहे, मित्रांनो. मुजरा वगैरे नको, मी प्लास्टरची आहे! खरी दगडी राणी संग्रहालयात असते. ती फार प्राचीन आणि तिला नाकच नाही. ते कधी तुटलं, कुणालाच ठाऊक नाही. एका सिनेमासाठी तिच्यासारखं भलंमोठं डोकं हवं होतं, म्हणून माझा जन्म झाला.

माझा कारागीर मोठा हट्टी. डोळे, ओठ, कान झटपट झाले, पण नाकापाशी घोडं अडलं. दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "कुठलंही लावा हो, पण लवकर लावा!" तेवढ्यात कारागिराची बायको डबा घेऊन आली. त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ओल्या प्लास्टरमध्ये अंगठा दाबला. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्यामुळे तिचं नाक जरासं डावीकडे वळलेलं होतं. माझंही तसंच झालं.

"अहो, हे काय! हे तर माझं नाक!"

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! निदान सरळ तरी करायचं!"

असं म्हणाली खरी, पण जाताना दोनदा वळून माझ्याकडे बघून गेली.

सिनेमा धो धो चालला. मग काय विचारता! कपांवर मी, टी-शर्टवर मी, कार्टूनमध्येही मीच. सगळीकडे तेच वाकडं नाक. संग्रहालयात मुलं खऱ्या राणीला पाहून म्हणायची, "ही खोटी आहे, हिचं नाक कुठंय?" हे मला सांगताना नवरा-बायको पोट धरधरून हसली होती.

पुढे सिनेमा जुना झाला आणि माझी रवानगी गोदामात झाली. छप्पर गळायचं, माझ्या गालांचे पोपडे निघाले. एके दिवशी कारागीर एकटाच आला. त्याची बायको वारली होती. माझ्या नाकावरून बोट फिरवत तो म्हणाला, "फोटोत दिसतं गं, पण हाताला लागत नाही." तेव्हापासून तो अधूनमधून यायचा. पावलं वाजली की माझा जीव कानांत गोळा व्हायचा. त्या बोटाची मी किती वाट पाहिली, काय सांगू!

आज गोदाम रिकामं करत होते. कारागीर मला घरी न्यायला आला होता, सोबत त्याची मुलगी.

"बाबा, एवढं मोठं डोकं ठेवायचं कुठे?"

तो उत्तर देणार, इतक्यात हमालाचा हात सुटला आणि मी तोंडावर आपटले. म्हातारा गुडघ्यांवर बसला. चुरा चाचपून त्याने नाक शोधलं आणि मुलीच्या हातात ठेवलं.

"एवढं तरी मावेल ना गं?"

मुलीने त्यावरून बोट फिरवलं आणि ती ढसाढसा रडली. मग ते नाक रुमालात गुंडाळून दोघं घरी गेली.

मी गोदामाच्या दारात पडून आहे. भंगाराची गाडी यायची आहे. आता कुठे मी हुबेहूब खऱ्या राणीसारखी दिसते, पण मला ते बोट हवंय, मित्रांनो. ते आता येणार नाही. तुमच्या घरी माझं चित्र असलेला एखादा जुना कप असेल, तर तो जपून धुवा. त्यावर कुणाची तरी आई आहे.