दाराबाहेरचा माणूस

टोबायसला सकाळपासून चैन नव्हतं. लारकमच्या चित्रांच्या दुकानासमोर, लंडनच्या त्या चिखलात तो येरझारा घालत होता. काचेत त्याचं नवं व्यंगचित्र लागलं होतं आणि पुढे ही गर्दी! राजेसाहेब स्टुलावर हात वर करून उभे. सुधारणावाले मंत्री शिंपी होऊन त्यांचा झगा कापताहेत आणि दुकानदारांना त्यातून जाकिटं शिवून देताहेत. नव्या कायद्याने मताचा हक्क मिळणार तो एवढ्यांनाच. उघड्या दाराबाहेर मात्र एक विणकर उघड्या अंगाने ताटकळतोय. झग्याचं कापड विणलेलं त्यानेच. त्याचा तोंडवळा टोबायसच्या मेव्हण्याचा, ईनकचा.

कोणीतरी चिडेल, अशी टोबायसला आशा होती. कुठलं काय! एक मंत्री स्वतः बग्गीतून आला, शिंप्याच्या तोंडावरचं आपलं नाक पाहून पोट धरून हसला आणि भिंतीवर लावायला प्रत मागून गेला.

"फक्त तो उघडा माणूस नको म्हणाले," लारकमने सांगितलं. "जेवताना बघवत नाही म्हणे."

"अहो, चित्रच त्याच्यासाठी काढलंय!"

"मग त्यालाच विक जा. पुसतोस, की दुसऱ्या कोणाला बोलावू?"

टोबायसने मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. मग ज्यावर चित्र काढून प्रती छापत तो दगड पुढ्यात ओढला आणि त्यावरून ईनकला खरवडून काढलं. रिकामी जागा वाईट दिसू नये म्हणून तिथे बंद दार काढलं. आपलं काम किती सफाईदार झालंय हे बघून त्याला स्वतःचीच किळस आली.

दुपारी काचेत नवी प्रत लागली. तो घरी निघणार, एवढ्यात समोरून ईनक आला, सोबत माग सोडून आलेले चार विणकर.

"हेच आमचे दाजी!" ईनक लांबूनच ओरडला. "यांनी मला राजाच्या चित्रात घेतलंय. चला, दाखवतो!"

"ईनक, अरे थांब, आधी ऐक तरी..."

तो कसला ऐकतोय! गर्दीत घुसून त्याने काचेला नाक लावलं. बराच वेळ शोधत राहिला.

"कुठायस रे तू?" एकाने विचारलं. "थापा मारत होतास होय?"

ईनकने वळून टोबायसकडे पाहिलं. टोबायसच्या नखांत अजून दगडाची भुकटी होती. त्याने हात खिशात घातले.

"थापा कशाला मारू?" ईनक म्हणाला. "ते दार दिसतंय ना, त्याच्या बाहेर उभा आहे मी. दाजींनी लावून घेतलंय."