दाराची साखळी

बेरांजेर आपणहून भांडी घासायला उभी राहिली, तेव्हाच आर्मेलच्या मनात पाल चुकचुकली. ही धाकटी बहीण पॅरिसात सिनेमे काढायची. घराघरांतली दुखणी दाखवून लोकांना रडवायची. मागच्या सिनेमात भावाचा घटस्फोट जसाच्या तसा आला, आणि तेव्हापासून भाऊ नाताळलाही फिरकला नव्हता. आता आई गेली, तर बाई दुआर्नेनेच्या घरी हजर!

"पपा घर सोडून गेले तेव्हा आई रडली होती का गं?" बशी पुसत बेरांजेरने विचारलं.

"मला नाही आठवत."

दुसऱ्या दिवशी बंदरावर सार्डीन मासळी घेतानाही तेच प्रश्न. शेवटी आर्मेलने ठरवलं, हिला एक धादांत थाप मारायची. ती पडद्यावर दिसली की चोर सापडला.

"पपा एकदा परत आले होते," ती म्हणाली. "भर पावसात. आईने दारच उघडलं नाही."

बेरांजेर दुसऱ्याच सकाळी गाडी काढून निघून गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. "मी ब्रेस्तला पपांकडे आहे. ते म्हणाले, खरंय, आलो होतो. रविवारी जेवायला आणतेय त्यांना."

आर्मेलने फोन ठेवला. लेकीपुढे चांगलं ठरायला म्हातारा खोटं बोलला असणार! पण तसं म्हणायचं, तर आधी स्वतःची थाप कबूल करायला हवी.

रविवारी पपा आले. वाळलेले, हातात सफरचंदाच्या सायडरची बाटली. आर्मेलने त्यांना नीट बसूही दिलं नाही.

"तुम्ही आलात तेव्हा काय झालं? नीट सांगा."

"तुझ्या आईने दार उघडलं की. पण साखळी काढली नाही. फटीतूनच म्हणाली, मुली तुमचं नावसुद्धा काढत नाहीत."

आर्मेलची नजर दाराकडे गेली. ती साखळी आईने पपा गेल्यावर बसवली होती. तिच्यात लहानग्या बेरांजेरचं बोट चेमटलं, म्हणून महिन्याभरातच काढूनही टाकली. म्हणजे हा माणूस खरंच येऊन गेला होता; नाहीतर त्याला ती कशी ठाऊक असणार?

"तुमचं नाव रोज काढायचो आम्ही," आर्मेल कशीबशी म्हणाली. "पांघरुणात तोंड खुपसून. आईला ऐकू जाऊ नये म्हणून."

पपांनी मान खाली घातली. बेरांजेरचे डोळे भरून वाहत होते. ते पाणी बहिणीचं की सिनेमावालीचं, आर्मेलला काही केल्या कळेना.

"घालशील ना हे सिनेमात?"

"खोटं कशाला बोलू? घालेन बहुतेक."

"मग आईला वाईट दाखवू नकोस. तिच्यावर तीन पोरं टाकून गेला होता हा माणूस."

"बरोबर बोलतेय आर्मेल," पपा म्हणाले.

आर्मेलने त्यांच्या ताटात सार्डीन वाढल्या, लोणी पुढे सरकवलं. आपण थाप मारली होती, हे मात्र तिने सांगितलं नाही. या बाईचा काय भरवसा, तेही घालायची.