मौनाची पाटी

सकाळी उठल्यापासून बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. अगदीच अडलं तर पाटीवर लिहिते: साखर संपली, डॉक्टरकडे जाऊन या. बारा वाजले की पहिला शब्द देवाचं नाव, मग संसार.

गॅस कंपनीची सुनावणी दहा वाजता आहे हे कळलं तेव्हा, खरं सांगते, मला हायसं वाटलं.

खडकात दाबाने पाणी नि रसायनं सोडून इथे गॅस काढतात. आता दुसरा बोअर जाऊबाईंच्या विहिरीजवळ मारायचा होता. पहिल्या बोअरमुळे माझा मुलगा परगावाहून घरी आला, तिथेच कामाला लागला. बंद पडलेला दवाखाना उघडला. आणि जाऊबाईंच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. त्यांनी पेला माझ्या नाकाशी धरला, त्या दिवसापासून मी देवापुढे त्यांच्या विहिरीचं पाणी ठेवणं सोडलं. देवाला न चालणारं पाणी जाऊबाई मात्र पीतच होत्या.

शाळेच्या हॉलमध्ये जाऊबाईंची तक्रार ऐकून सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "एकट्या बाईंचं म्हणणं कसं धरायचं? आणखी कोणी आहे?"

"आहे ना. माझी धाकटी जाऊ."

मी ओठांवर बोट ठेवलं.

"वहिनींचा देव घड्याळ बघून ऐकतो!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

जाऊबाईंनी पिशवीतून माझी पाटी काढली. "येताना तुझ्या स्वयंपाकघरातून उचलली. म्हटलं, लागेल."

माझा मुलगा कंपनीच्या लोकांत उभा होता, काखेत पिवळं हेल्मेट. तो माझ्याकडे बघत नव्हता, पाटीकडे बघत होता.

मी लिहिलं, 'वास आल्याचं आठवत नाही.'

साहेबांनी मोठ्याने वाचून नोंदवलं. जाऊबाईंनी पदराने पाटी पुसली नि माझ्या हातात दिली. "नीट ने. फुटेल."

इतर लोक बोलत राहिले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर ते येईना. साहेब वही मिटत होते.

"साहेब, वास येतो." माझा आवाज फाटका निघाला. "मी देवालासुद्धा ते पाणी ठेवत नाही."

"मग मघाशी लिहिलंत ते?"

"खोटं लिहिलं."

त्यांनी वही पुन्हा उघडली. "आता दोन्ही नोंदवावं लागेल, बाई. कोणतं धरायचं ते वरचे ठरवतील."

मुलगा हेल्मेट घालून बाहेर निघून गेला. वाटेत जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आज पहिला शब्द साहेबांना दिलास की गं."

घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसले. दिवेलागण झाली तरी नाव घ्यायचा धीर झाला नाही.